पुढचा जिना

इंग्लंडमधल्या वूस्टरजवळचा, राजा एडवर्डच्या काळातला एक बंगला डागडुजी होऊन लोकांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या नेली हॉबडे काठी टेकत आल्या.

"आजी, पुढच्या जिन्यावरचा गालिचा नाजूक आहे. तुम्ही मागच्या जिन्याने वर जा," तिथली मार्गदर्शक मुलगी म्हणाली.

"मागच्या जिन्याने माझी आई इथं मोलकरीण म्हणून सहा वर्षं कोळशाच्या बादल्या वाहत होती गं. पुढचा तिने फक्त झाडायचा-पुसायचा, वर जायला वापरायचा नाही. म्हटलं, तिच्या वाटचं आपण एकदा चढावं."

मुलीने पुढच्या जिन्याला लावलेली आडवी दोरी सोडली. धापा टाकत नेली वर पोहोचल्या.


 

कठड्यावरून बोट फिरवलं, ते खाली मुलीला दाखवलं आणि मालकिणीच्या तोऱ्यात म्हणाल्या, "काय गं ए, आज इथं पुसलं नाहीस वाटतं?"