बर्फाच्या गावातले चोर

ही २०१६ सालची गोष्ट. त्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि टोपल्या विकणारी भागी दर गुरुवारी आदिवासींच्या डोंगरवाडीवरून उतरून महिपत गुरुजींच्या ओटीवर येऊन बसू लागली. तिला वाचता येत नव्हतं. गुरुजी वाचत, ती ऐके.

पुस्तकं आणायची तिची नात रुपाली. शहापूरच्या कॉलेजातून येताना ती वाचनालयात जाई. युरोपातल्या जुन्या खुनाच्या, चोरीच्या गोष्टी, मराठीत आणलेल्या. पानं पिवळी पडलेली, शिवण सुटलेली.

रुपालीचा बाप, भागीचा मुलगा विठू त्याच्या सहा वर्षं आधी तुरुंगात कावीळ होऊन गेला होता. नळयोजनेची मोटर चोरल्याबद्दल त्याला सजा झाली होती. रुपाली तेव्हा लांब आश्रमशाळेत होती. तेव्हापासून भागीचं मागणं एकच. गावातल्या कुणीतरी एकदा तोंडानं म्हणावं, विठूनं चोरी केली नाही. ती दारोदार विचारून आली होती. कुणी म्हटलं नाही.

पुस्तकातली गावं बर्फात बुडालेली असत. मोठे बंगले, चांदीचे चमचे, मेलेला जमीनदार. आणि गावाबाहेर तंबू टाकून राहणारी काळीसावळी माणसं, टोपल्या विकणारी. त्यांना नावंही नसत. पोलीस आधी तिकडेच जात.

"तिकडं पन आमचीच मानसं धरत्यात का, गुरुजी?" भागीनं विचारलं.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला.

"वाचा पुढं. आमाला सवय हाय."

गुरुजींचा मुलगा रवींद्र अंगणात गाडी पुसत होता. "काय गो भागीबाय," तो म्हणाला, "आता विलायतेला जाशील तू."

"जाईन की. तिकडं पन टोपल्याच इकीन."

गुरुजी वाचत त्या गोष्टीत तंबूतला माणूस शेवटी सुटे. चोर बंगल्यातलाच निघे. कधी कारभारी, कधी डॉक्टर, कधी जावई. ऐकून झालं की भागी पदर सावरून वाडीची वाट धरी.

एकदा परत करण्याआधी रुपालीनं पुस्तक चाळलं. शेवटच्या पानावर टोपलीवाल्याला फाशी झाली होती. मग तिनं आणखी दोन पुस्तकं पाहिली. त्यांतही गुन्हेगार तंबूतलाच. ती गुरुजींना विचारायला गेली, तर त्यांचे डोळे भरून आले. आजीला सांगू नको गो, एवढंच ते म्हणाले. रुपालीला वाटलं, असा माणूस या गावात दुसरा नाही.

२०१९ मध्ये गुरुजींनी अंथरूण धरलं. भागी उशाशी जाऊन बसली. पुस्तक हातात धरवत नव्हतं, तरी त्यांनी एक गोष्ट तोंडी सांगितली. त्यातलाही टोपलीवाला सुटला.

"आन माजा इठू?" तिनं विचारलं.

गुरुजींनी कूस बदलली. दोन दिवसांनी ते गेले.

रवींद्रनं वाशिंदला पाण्याच्या पंपांचं दुकान टाकलं, ते चांगलं चालतं. रुपाली शाळेत शिकवते. भागी गेल्या वर्षी वारली. त्याआधी रुपालीनं तिला सगळं सांगून टाकलं होतं. पुस्तकांत वेगळंच होतं, गुरुजी तुझ्यासाठी शेवट बदलून सांगायचे.

"ठाव हाय मला," भागी म्हणाली. "कोर्टात पन त्यांनीच शपथ घेऊन गोष्ट सांगली व्हती. तवा चोर इठू झाला."