अकरा किलोंचा पूल

“यंत्राला बाईचा हात लागला, की यंत्र रुसतं.”

तीस वर्षांपूर्वी काका हसत हसत बोलून गेले होते. काका गेले, त्यांचं हसू फिटरताईच्या कानात घर करून राहिलं. त्या हसण्यापायीच ती हट्टाने कारखान्यात शिरली. एकही यंत्र तिच्यावर रुसलं नाही. रुसली ती माणसंच.

आज सभागृहात कारखान्याचा मेळावा होता, वस्तीतल्या पोरांना इंजिनिअरिंगची गोडी लागावी म्हणून. पोरांनी सकाळभर खपून आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधले होते. आता दोन टेबलांच्या मध्ये एकेक पूल ठेवायचा, त्याला बादली टांगायची, बादलीत किलोकिलोची वजनं टाकत जायचं. वजनं टाकायचं काम ताईचं.

कुणाचा तिसऱ्या किलोला गेला, कुणाचा पाचव्या. दोन वेण्यांच्या एका मुलीचा मात्र तग धरून राहिला. तिने काड्या त्रिकोणात गुंफल्या होत्या, तेही कुणी न सांगता. आठ. नऊ. दहा. अकराव्याला काडकन आवाज झाला नि बादली खाली आली.

टाळ्यांसाठी पोरांचे हात वर होतात न होतात, तोच साहेबांनी माइक घेतला.

“आता बघा आमच्या इंजिनिअरांचा पूल!”

तोही काड्यांचाच, निळा रंग दिलेला. वीस. तीस. चाळीस. पूल हूं की चूं करीना. करणार कसा? रंगाखाली, काड्यांच्या पोटात, पोलादी सळई होती. आठ वर्षांपूर्वी, पहिल्याच मेळाव्यात पाहुण्यांसमोर फजिती झाली. तेव्हापासून आदल्या दिवशी सळई बसवायची नि तोंडाला कुलूप लावायचं, अशी रीतच पडली. सळई बसवणारे हात ताईचे. कुलूपही तिच्याच तोंडाला.

“बघितलंत?” साहेब म्हणाले. “याला म्हणतात इंजिनिअरिंग. हा काही पोरखेळ नाही!”

मुलगी खाली बसून मोडक्या काड्या ओढणीत वेचत होती. कारखान्याच्या वर्षभराच्या प्रशिक्षणाचा अर्ज तिने सकाळीच भरून ठेवला होता. तो तिने सोबत आलेल्या आत्याच्या हातात दिला.

“फाड हा. मला नाही जमायचं.”

“मी काय वेगळं सांगत होते?” आत्या फणकारली. “बापाला लाडीगोडी लावून आलीस. चल आता, शोभा झाली तेवढी पुरे.”

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. लेकराच्या हाताला यश आलं होतं, आणि ते अपयश म्हणून पदरात बांधून तिला घरी धाडत होते. आठ वर्षांत अशी किती पोरं मान खाली घालून या दारातून गेली असतील? आणि आपण? आपण वजनं टाकत उभ्या!

“ताई, बादली काढा,” साहेब म्हणाले. “पाहुण्यांचा पुलासोबत फोटो राहिलाय.”

ताईने बादलीला हात लावला नाही.

“साहेब, मला दोन शब्द बोलायचेत.”

“तुम्हाला?” साहेबांनी माइक मागे घेतला. मग आवाज उतरवून म्हणाले, “नोकरी जड झालीय का, ताई?”

यंत्रांच्या गडगडाटावरून हाका मारण्यात ताईची हयात गेली होती. तिला माइक कशाला हवा?

“आत्याबाई, थांबा! अर्ज फाडू नका!”

सगळं सभागृह वळलं. दारापाशी पोचलेली मुलगीही वळली.

“या निळ्या पुलात सळई आहे. दर वर्षी असते, मीच घालते. पहिल्या वर्षी नव्हती, तेव्हा सगळ्या इंजिनिअरांनी मिळून बांधलेला पूल सात किलोंना मोडला.” ताई मुलीकडे वळली. “सात, पोरी. तुझा अकराला.”