दीव ते रत्नागिरी

"हे तुमचंच ना?" सुलूने घडी केलेला कागद निशिगंधाच्या हातात दिला.

कागदावर छापलेलं वेबसाइटचं पान तिचंच होतं. दीव ते रत्नागिरी, सरळ रेषेत ४८३ किलोमीटर. विमानाने एक तास पाच मिनिटं.

भाईंदर पश्चिमेच्या एका लहानशा ऑफिसात निशिगंधाने त्या वेबसाइटचं गणित बसवलं होतं. कुठलेही दोन विमानतळ द्या, कॉम्प्युटर त्यांच्या अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचा आणि वेगाने भागायचा. तिथे विमान जातं का, हे तो बघत नसे. 'प्रत्यक्ष विमानसेवा असेलच असं नाही' अशी एक ओळ आधी होती. पान सुटसुटीत दिसावं म्हणून तिनेच ती काढली होती.

सुलूचा ई-मेल आल्यापासून तिला जेवण गोड लागलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी पत्ता विचारत ती भाईंदर पूर्वेला, जेसल पार्कमधल्या सुलूच्या घरी आली.

"माझा भाऊ, निकेत. दीवला हॉटेलात कामाला असतो," सुलू म्हणाली. "शुक्रवारी सकाळी फोन केला, आईचं काही खरं नाही, नीघ. दहाची बस धरली असती तर शनिवारी दुपारी रत्नागिरीत पोचला असता. हा बसला विमानाच्या भरवशावर. संध्याकाळी विमानतळावर गेला, तर म्हणे लोक हसले. शनिवारी रात्री आई गेली, तोवर तिची नजर दारावर होती हो. अग्नी चुलत्याने दिला."

निकेत खिडकीशी उभा होता. भादरलेल्या डोक्यावर नुकते केस उगवत होते.

"तेराव्यापर्यंत याच्याशी बोलले नाही मी. म्हटलं, हा माझा भाऊच नव्हे. मग याने हा कागद काढून दाखवला." सुलूने पदराने डोळे टिपले. "उगाच बोल लावला पोराला. तुम्ही शिकलेल्या बायका, असं कसं लिहिता?"

"चूक माझीच," निशिगंधा म्हणाली. "काय बोलू? पान आजच काढते."

"काढाच." सुलूने कप पुढे केला. "चहा घ्या. दारात आलात, एवढं तरी केलंत."

 निशिगंधाने चहा संपवला.

निकेत रिक्षापर्यंत सोडायला आला. तीन मजले तो तिच्या पुढे उतरला. एक रिक्षा थांबली. निशिगंधा आत बसली आणि पुन्हा एकदा हात जोडून म्हणाली, "जमलं तर माफ करा मला."

"नका हो मॅडम, हात नका जोडू." त्याने एकदा वर, गॅलरीकडे पाहिलं. "ते पान मला रत्नागिरीतच सापडलं. आईच्या दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी."