पापलेटचं जाळं

आगर गावातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून नारू सकाळपासून मराठी-गुजराती मिसळलेली एकच हाक पुटपुटत होता. "बोंबील घ्या गो बायऽ, बुमला लो बेनऽ..." इथवर गाडी नीट यायची आणि पुढे ठप्प. पुढे काहीतरी होतं! सुक्या बोंबलांची पाटी डोक्यावर घेऊन त्याची चंद्रावती गल्लीत शिरली, की शेवटी असं काही ठणकावून म्हणायची की बाया हसत हसत बाहेर यायच्या.

ती जाऊन दोन वर्षं झाली होती. फोटो होता, लुगडी होती, पण बायकोचा आवाज कुठून आणायचा? तो या एका हाकेतच उरला होता, आणि आता तीही अर्धी गेली.

मुलगी रुपल त्या २०१७च्या दिवाळीला पुण्याहून आली होती. मेंदूवर संशोधन करायची. नारूने तिलाच धरलं. "एवढी शिकलीस ना? मग सांग, मला का आठवत नाय?"

रुपल त्याच्याजवळ टेकली. "बाबा, लहानपणी मेंदूतल्या पेशी एकमेकींना भराभर जोडल्या जातात. मग त्यांच्याभोवती एक बारीक जाळं तयार होतं. प्रथिनांचं आणि साखरेचं. प्रोटिओग्लायकन म्हणतात त्या धाग्यांना. जे जुळलं ते हे जाळं धरून ठेवतं."

जाळं म्हटल्यावर नारू सावरून बसला. सगळा जन्म त्यातच गेला होता. "आस केवढा त्याचा? भोक गो, भोक!"

"अरे देवा! सगळ्यांचं सारखं नसतं, बाबा."

"मग माझं पापलेटचं असणार," तो खिन्न होऊन म्हणाला. "मोठ्या आसाचं. म्हणून बोंबील निसटला."

रुपल खो खो हसली. नारू हसला नाही. "बांधून दे ना मग पोरी. तुमच्याकडे यंत्रं असतील."

तिचं हसू मावळलं. "आम्हाला अजून ते फक्त विरघळवता येतं. तेही उंदरांचं. बांधता नाही येत."

"घ्या! जाळी फाडायला एवढं शिकलीस?" तो करवादला, आणि त्याचे डोळे भरून आले. "माझी चंद्री चालली गो."

रुपलला राहवेना. शाळेत जायच्याही आधी आईचा पदर धरून ती याच गल्लीत हिंडली होती. ती उठली, कमरेवर हात ठेवला आणि काही विचार न करता बेंबीच्या देठापासून ओरडली,

"बोंबील घ्या गो बायऽ, बुमला लो बेनऽ, रुसला दादला तं भाजून घाला गोऽ!"

"दादला!" नारूने मांडीवर थाप मारली. "मलाच टोमणा होता तो, मलाच! भर गल्लीत!" तो रडत होता की हसत होता, त्याचं त्यालाच कळेना.

पलीकडचं दार उघडलं. शेजारची म्हातारी तुळशी थाळा घेऊन लगबगीने बाहेर आली.

"थांब गो चंद्रे," ती म्हणाली, "मोठे मोठे काढ."