चार बोटांचा फरक

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला बजावले होते, "रोज तासभर सायकल चालवा. दुसरा झटका सांगून येत नाही."

घरात सायकल एकच, तीही तिची. नवरा ताडमाड, ती ठेंगणी, म्हणून सायकलवाल्याने तिच्या हाती पाना ठेवून सांगितले, "ताई, साहेब बसतील तेव्हा सीट चार बोटं वर घ्या. एवढ्या बसक्या सीटवर पॅडल मारलं, तर हृदय वाचेल, पण गुडघे जातील."

तेव्हापासून रोज सकाळी निथळता शर्ट खुर्चीवर येऊन पडे. ती श्वास रोखून तो चिमटीत धरी आणि धुण्याच्या टोपलीत भिरकावी. शिसारी येई, पण ती गिळून टाकी. माणूस जिवासाठी झटतो आहे, त्याच्या घामाचा कसला विटाळ?

शिवाय ती कामावर निघे तेव्हा सीट पुन्हा तिच्याच मापाला आलेली असे.

"अहो, रोज वर-खाली करायचा कंटाळा नाही येत?" एके दिवशी तिने विचारले.

"तुझ्यासाठी एवढंही करू नको का गं? जाताना वर घेतो, आल्यावर खाली. दोन मिनिटांचं काम."

भरल्या मनाने ती कामावर पोहोचली. किल्ली ठेवायला पर्स उघडली, तर तळाशी घरातला एकुलता एक पाना. गेल्या सोमवारी वाटेत सैल झालेली सीट आवळून तिनेच तो तिथे टाकला होता.

संध्याकाळी तिने टोपलीतला शर्ट पहिल्यांदाच नाकाशी धरला.



त्याला कसलाही वास नव्हता, आणि आज मात्र तिला शिसारी गिळता आली नाही.