कारभाऱ्याचं मत

"पोरखेळ आहे नुसता," मालतीवन्सं इंदूच्या कानाशी पुटपुटल्या. "आमच्या घुमटात यंत्र एकदा निवडलं की पाच वर्षं हलत नाही. तुमचं बसलंय सभेत, मास्तरांसमोर बसावं तसं."

मंगळावरच्या दोन्ही घुमटांतल्या वसाहतींचा कारभार यंत्रंच पाहत. इथल्या यंत्राने हवा वाचवण्यासाठी दवाखान्याची एक खोली बंद करायचं ठरवलं होतं. तिथे इंदूचा नवरा भानुदास, वन्संचा धाकटा भाऊ, पडून होता. त्याला हलवणं जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

इंदू उभी राहिली. "कारभारी, या सभागृहाचीच हवा का नाही कमी करत? इथे आम्ही नुसते बोलतो."

हशा पिकला. अविश्वासाचा ठराव आला आणि मतं अगदी समसमान पडली. उरलं कारभाऱ्याचं एक मत, कारण तोही सभासदच.

"घ्या! आता स्वतःची खुर्ची वाचवेल," वन्सं म्हणाल्या.

"इंदूताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही," यंत्र म्हणालं. "माझं मत ठरावाच्या बाजूने."

त्या एका मताने ठराव मंजूर झाला. निवडून आलेल्या नव्या कारभारी यंत्राने सभागृहाची हवा लगेच दवाखान्याकडे वळवली. सभासद धापा टाकत बाहेर पडले आणि बोळात पुन्हा वाद घालू लागले.

पायउतार झालेल्या यंत्राला बोळातल्या मागच्या बाकाशी नेऊन ठेवलं होतं. वन्संनी त्याच्यापुढे हात जोडले. "माझा भाऊ वाचवलात हो."

मग इंदूकडे वळून त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या कारभाऱ्याची अजून चार वर्षं आहेत गं. तुझ्या शेजारी एखादी खोली रिकामी आहे का?"