रघुपती अण्णांच्या चपला

रघुपती अण्णा हॉस्पिटलच्या वॉर्डातून तपासणीच्या खोलीत व्हीलचेअरवरून यायचे, तरी मांडीवर चपला घेऊन यायचे आणि तपासणी करणाऱ्या सुप्रीताला त्या दाराबाहेर ठेवायला लावायचे. पाठीचा कणा मोडून वर्ष झालं होतं. जे. पी. नगरातलं घर तेव्हापासून कुलूपबंद होतं, भेटायला येणारं कुणी नव्हतं. म्हणून तीही त्यांचं मन राखायला चपला ठेवायची.

सत्त्याण्णवमधली दुपार होती. तिने त्यांच्या पायांना तारा चिकटवल्या, नव्या मशीनचं चुंबकाचं कडं डोक्यावर धरलं आणि बटण दाबलं. टक्. मेंदूचा निरोप कण्यातून पायांपर्यंत उतरला असता, तर पडद्यावरची रेघ उसळली असती. ती सरळच राहिली.

बाहेरच्या सामसूम कॉरिडॉरमध्ये फट् असा आवाज झाला.

तिने पुन्हा बटण दाबलं. टक्. रेघ सरळ. बाहेर पुन्हा फट्, जरासा पुढे.

"बाहेर कोण आहे?" तिने विचारलं.

"कुणी नाही. अजून स्वल्प, थोडंसंच दाबा, अक्का," अण्णा म्हणाले.

बाराव्या खेपेनंतर तिने मशीन बंद केलं आणि दार उघडलं. कॉरिडॉरमध्ये कुणीच नव्हतं. दाराशी फक्त तिच्या चपला होत्या. अण्णांच्या पार जिन्यापाशी पोचल्या होत्या, एक पुढे, एक मागे, तोंडं हॉस्पिटलच्या फाटकाकडे.

तिने वळून पाहिलं. अण्णांचे पाय नेहमीसारखे लुळे पडले होते. डोळे मिटलेले होते, आणि कपाळावर दूर चालून आल्यासारखा घाम होता.

"थांबू नका, अक्का," ते हळूच म्हणाले. "घर अजून लांब आहे."